मुंबईला आणखी एक सरकारी संशोधन विद्यापीठ हवं का?

लिंबूटिंबू

आमच्या नागरिक मंचाचं एक निवेदन तयार होतंय. मागणी अशी की राज्य सरकारनं पनवेल-उरण पट्ट्यात नवं संशोधन विद्यापीठ काढावं. मसुदा लिहिताना गाडी अडली, म्हणून जाणकारांना विचारतोय.

मुंबईत आधीच काय कमी आहे? मुंबई विद्यापीठ (1857), एसएनडीटी (1916), टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था, 1945), आयआयटी (1958), माटुंग्याची आयसीटी (रसायन तंत्रज्ञान संस्था), टिस (टाटा समाजविज्ञान संस्था), अणुऊर्जा खात्याचं होमी भाभा राष्ट्रीय संस्थान, आणि 2019 पासून डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठ. त्यात नवी मुंबईच्या एज्युसिटीत परदेशी विद्यापीठांच्या शाखा यायच्या आहेत. एवढं असताना अजून एक काढून शहराच्या पदरात नक्की काय पडतं? का तेच पैसे, तेच प्राध्यापक आणि तेच विद्यार्थी नव्या पाटीखाली वाटले जातात? आणि खर्च किती धरायचा? वृत्तपत्रांतल्या लेखांत "ज्ञानकेंद्र" वगैरे शब्द भरपूर सापडले, आकडे कुठेच नाहीत.

टाचणी

तुमची यादी बरोबर आहे, पण तिच्यात तीन वेगळ्या जातीच्या संस्था एकत्र आल्या आहेत. टीआयएफआर आणि होमी भाभा संस्थान केंद्राच्या अणुऊर्जा खात्याच्या पैशावर चालतात. आयआयटी केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाची. तुमचं निवेदन जाणार राज्य सरकारकडे, म्हणजे तुलना करायची ती मुंबई विद्यापीठ, एसएनडीटी, आयसीटी आणि होमी भाभा राज्य विद्यापीठाशीच.

यांत मुंबई विद्यापीठाचं मुख्य काम काय आहे ते आधी बघा. मुंबई शहरापासून सिंधुदुर्गापर्यंत सात जिल्हे, आठशेच्या वर संलग्न महाविद्यालयं. त्यांचे अभ्यासक्रम, परीक्षा, उत्तरपत्रिका, निकाल, पुनर्मूल्यांकन, पदवी प्रमाणपत्रं. 2017 साली संगणकावर उत्तरपत्रिका तपासायचा घाट घातला, 17 लाखांहून जास्त उत्तरपत्रिका होत्या, निकाल महिनोन्महिने रखडले आणि शेवटी कुलगुरूंना पदावरून जावं लागलं. त्या काळात कलिनात, विद्यापीठाच्या आवारातल्या एखाद्या प्रयोगशाळेत काय चाललंय याची चौकशी करायला कोणाला सवड असणार? कुलगुरूंचं बरंवाईट ठरतं ते निकालाच्या तारखेवर, शोधनिबंधांवर नाही.

म्हणून निवेदनात पहिलं वाक्य हे घाला: नवं विद्यापीठ असंलग्न असावं, एकही महाविद्यालय त्याला जोडलेलं नसावं. हे लेखी नसेल तर पाच वर्षांत रायगड जिल्ह्यातली महाविद्यालयं त्याच्या गळ्यात पडतील. बंगळूरला 2017 मध्ये जुन्या विद्यापीठाचे तीन तुकडे झाले. महाविद्यालयं वाटली गेली, परीक्षा विभाग एकाचे तीन झाले. प्रशासनाची सोय झाली असेल, पण त्याला संशोधनाची भर म्हणता येत नाही.

आता खर्च. छोटं, फक्त पदव्युत्तर आणि पीएचडीचं विद्यापीठ धरू. 120 शिक्षक: 80 सहायक, 25 सहयोगी, 15 प्राध्यापक. सातव्या आयोगानं सहायक प्राध्यापकाचं सुरुवातीचं मूळ वेतन 57,700, सहयोगीचं 1,31,400 आणि प्राध्यापकाचं 1,44,200. महागाई भत्ता आणि मुंबईचं घरभाडं मिळवून वर्षाला ढोबळमानानं 13 लाख, 29 लाख आणि 32 लाख. बेरीज 22-23 कोटी. हे सगळे नवीन लागलेले धरून, आणि फक्त शिक्षकांचं. शिक्षकेतर, वीज, सुरक्षा, देखभाल वेगळी.

पीएचडी विद्यार्थी: यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2022 च्या नियमांनी प्राध्यापकाला 8, सहयोगीला 6, सहायकाला 4. म्हणजे कमाल 590. यांतल्या काहींना केंद्राची नेट-जेआरएफ असेल, काहींना बार्टी, सारथी, महाज्योती ह्या राज्याच्या संस्थांची अधिछात्रवृत्ती. तरी 200 जणांना विद्यापीठानं स्वतः पैसे द्यायचे ठरवले, तर महिना 37,000 प्रमाणे वर्षाला 8 कोटी 88 लाख. हे दिले नाहीत तर हुशार पोरगं पवईच्या आयआयटीला किंवा पुण्याच्या आयसर ह्या केंद्राच्या विज्ञान संस्थेला जातं आणि तुमच्याकडे नोकरी सांभाळून पीएचडी करणारे उरतात.

शेजारी ठेवायला एक आकडा: रुसा ह्या केंद्राच्या उच्च शिक्षण योजनेत समूह विद्यापीठासाठी (जुनी महाविद्यालयं एकत्र करून केलेल्या) 55 कोटी होते, एकदाच, केंद्र-राज्य 60:40. त्यातून कायमचे पगार चालत नाहीत.

तिरफळ

टाचणींनी पैशाचं सांगितलं. मी इमारतीचं सांगतो, कारण निवेदनांत नेहमी "सुसज्ज प्रयोगशाळा" असे दोन शब्द असतात आणि तिथेच घोळ होतो.

रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत धुराडं-कपाट, म्हणजे फ्यूम हूड, लागतं. सहा फुटी कपाटाची काच अर्धा मीटर उघडली तर तोंड साधारण पाऊण चौरस मीटर. तोंडाशी हवेचा वेग सेकंदाला अर्धा मीटर तरी हवा, नाहीतर वाफा माणसाच्या नाकाशी परत येतात. हिशेब केला तर एक कपाट तासाला 1,350 घनमीटर हवा बाहेर फेकतं. दहा कपाटांची 13,500. तेवढीच हवा आत आणायची, आणि ती मुंबईची हवा असल्यामुळे थंड करून, दमटपणा काढून. ही हवा पुन्हा फिरवता येत नाही, सगळी बाहेर. कार्यालयाच्या एसीच्या हिशेबानं यंत्रणा बसवली की पावसाळ्यात छतातून थेंब गळतात, वजनकाट्याचे आकडे हलत राहतात, आणि मग कोणीतरी वैतागून पंखाच बंद करतं. कपाट उरतं बाटल्या ठेवायला.

आता हे एल्फिन्स्टन महाविद्यालयात किंवा इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये बसवून बघा. दोन्ही वारसा इमारती. धुराडं छताच्या वर तीनेक मीटर न्यावं लागतं, त्याला वारसा समितीची परवानगी हवी. होमी भाभा राज्य विद्यापीठ ह्या दोन्ही आणि सिडनहॅम आणि सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज मिळून झालं. नावं एकाहून एक जुनी आणि मोठी, पण आहेत त्या भिंतींत आधुनिक प्रयोगशाळा बसवणं हे नव्या जागेवर बांधण्यापेक्षा किचकट काम आहे. त्या दृष्टीनं पनवेलची मोकळी जमीन हा तुमच्या बाजूचा खरा मुद्दा ठरतो.

मोकळ्या जमिनीवरही हे आधी ठरवा: इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक तळमजल्यावर, बाकी इमारतीपासून सुटलेल्या पायावर, रेल्वे आणि मालट्रकच्या रस्त्यापासून जमेल तेवढा लांब. उरण रस्त्यावर जेएनपीए बंदराचे कंटेनर रात्रंदिवस धावतात, तेव्हा कंपनाची मोजणी जागा ठरवण्याआधी करायची, नंतर नाही. एनएमआर यंत्राच्या (रेणूची रचना चुंबकाच्या मदतीनं दाखवणारं) खोलीला उंची हवी, कारण द्रव हेलियम वरून भरतात. आणि शेजारून लोखंडी लिफ्ट जायला नको. अर्थिंग वेगळं. हे वास्तुविशारदाला नकाशाच्या टप्प्यावर कळलं नाही तर इमारतीचं उद्घाटन होतं आणि यंत्र खोक्यात पडून राहतं.

आणि यंत्र घेतलं की संपत नाही. वार्षिक देखभालीचा करार किमतीच्या साधारण 5 ते 8 टक्के. 3 कोटींचं यंत्र म्हणजे वर्षाला 15 ते 24 लाख, वर हेलियम. खरेदीला अनुदान मिळतं, देखभालीला मिळत नाही. हमीची तीन वर्षं संपली की यंत्र बंद पडायला सुरुवात होते ती ह्यामुळे.

खारीचा वाटा

@तिरफळ, मग यंत्रं घ्यायचीच कशाला? पवईला आयआयटीत सैफ ही सामाईक यंत्रांची सोय आहे, 1976 पासून बाहेरच्यांचे नमुने तपासून देतात. आय-स्टेम पोर्टलवर देशभरातली यंत्रं आरक्षित करता येतात. जर्नलांचंही तेच: वन नेशन वन सबस्क्रिप्शन ही केंद्राची योजना आल्यापासून सरकारी विद्यापीठांना तीस प्रकाशकांची जर्नलं केंद्राच्या खर्चानं मिळतात. नवं विद्यापीठ काढण्याची दोन जुनी कारणं तिथेच निकालात निघाली.

तिरफळ

निम्मं बरोबर. महिन्यातून चार नमुने असतील तर सैफच बरं. पण ज्याची अभिक्रिया चालू आहे त्याला तासातासाला नमुना काढून बघायचा असतो. पवईच्या रांगेत तो नमुना खराब होतो. म्हणून नेमानं लागणारी लहान यंत्रं आपली (400 मेगाहर्ट्झचा एनएमआर, मिश्रणातले घटक वेगळे करणारं एचपीएलसी, साधा सूक्ष्मदर्शक), आणि मोठी, क्वचित लागणारी दुसऱ्यांची. बहुतेक प्रस्तावांत नेमकं उलट असतं. मोठं यंत्र फोटोत चांगलं दिसतं ना.

उंबरठा

मी विरुद्ध बाजूनं बोलतो. वरच्या हिशेबानं चाललं असतं तर एकही विद्यापीठ उभं राहिलं नसतं.

कोलकात्यात 1857 चं अवाढव्य विद्यापीठ असताना पश्चिम बंगालनं 1955 मध्ये जादवपूर काढलं. महाविद्यालयांचं लोढणं नाही, एकाच आवारात अभियांत्रिकी, विज्ञान आणि कला. त्याचं नाव झालं ते ह्या रचनेमुळे, आणि तेही केंद्राचं नसून राज्याचं विद्यापीठ असताना. हैदराबादेत उस्मानिया (1918) असताना 1974 मध्ये केंद्रीय विद्यापीठ आलं. कुठेही जुनं विद्यापीठ नव्यामुळे बुडालं नाही. जादवपूरची दुसरी बाजूही सांगतो: राज्याचा हात आखडला तसा देखभालीचा पैसा आटला, आणि अलीकडे माजी विद्यार्थ्यांकडे मदत मागायची वेळ आली. म्हणजे टाचणींचा चालू खर्चाचा मुद्दा खोटा नाही. पण तो "काढू नका" असं सांगत नाही, "पुरेसं द्या" असं सांगतो.

आपल्याकडचंच उदाहरण घ्या. 1933 साली मुंबई विद्यापीठाचा रसायन तंत्रज्ञानाचा विभाग म्हणून यूडीसीटी निघाली. टप्प्याटप्प्यानं स्वायत्त झाली आणि 2008 मध्ये आयसीटी म्हणून अभिमत विद्यापीठ झाली. जागा माटुंग्याची, सोळा एकर. विषय ठरलेले: रंग, वस्त्र, औषधं, तेलं, बहुवारिकं (पॉलिमर), अन्न. मुंबई-ठाणे-वापी पट्ट्यातल्या रासायनिक कारखान्यांना जे लागतं ते. आकारानं लहान, विषयानं नेमकी, आणि परीक्षांच्या गाड्यातून सुटलेली. शहराला फायदा कसा होतो ह्याचं ह्याहून स्वच्छ उत्तर मुंबईत दुसरं नाही.

फायदा किती वर्षांत, हेही विचारलं पाहिजे. अमेरिकेत सॅन दिएगो शहरानं आपली जमीन देऊन 1960 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाची शाखा आणली. तिथल्या जैवतंत्रज्ञान उद्योगाची सुरुवात मानली जाते ती हायब्रिटेक कंपनी निघाली 1978 मध्ये, त्याच विद्यापीठातल्या संशोधकाच्या हातून. मोठ्या औषध कंपनीनं ती 1986 मध्ये विकत घेतली आणि तिच्यातून बाहेर पडलेल्यांनी पुढे कित्येक कंपन्या काढल्या. पहिली कंपनी अठरा वर्षांनी, लाट पंचवीस वर्षांनी. आपल्याकडे पाच वर्षांच्या आत फीत कापायची असते. ज्याला निवडणुकीच्या आत रोजगार दाखवायचे आहेत त्यानं विद्यापीठ न काढता आयटीआय काढावी. खरंच.

टाचणी

@उंबरठा, सॅन दिएगोत एक गोष्ट होती जी पनवेलला कायद्यानंच नसेल: वैद्यकीय शाखा. महाराष्ट्रात वैद्यकीय महाविद्यालयं 1998 पासून नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे. तंत्रशिक्षण काही अंशी लोणेऱ्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठाकडे, शेती कृषी विद्यापीठांकडे. परदेशातल्या सार्वजनिक संशोधन विद्यापीठांच्या संशोधन-निधीत वैद्यकीय शाखेचा वाटा मोठा असतो. आपण विषय कापून वेगवेगळ्या विद्यापीठांत ठेवलेत आणि मग म्हणतो, आमच्याकडे बहुविद्याशाखीय संशोधन का होत नाही.

सोनचाफा

टाचणींच्या शेवटच्या मुद्द्याला धरून. परळचा नकाशा उघडा. केईएम रुग्णालय, त्याला लागून वाडिया, जवळ टाटा मेमोरियल, हाफकिन, आयसीएमआरची प्रजनन आरोग्य संस्था. सगळं चालत जाण्याच्या अंतरात. आता ह्यांचे विद्यार्थी बघा: केईएमचे नाशिकच्या विद्यापीठाचे, टाटाचे होमी भाभा राष्ट्रीय संस्थानाचे, प्रजनन आरोग्य संस्थेचे मुंबई विद्यापीठात नोंदणी केलेले. एका रस्त्यावर तीन विद्यापीठं.

समजा केईएमच्या डॉक्टरला आणि मुंबई विद्यापीठाच्या जीवशास्त्रज्ञाला एक पीएचडी विद्यार्थी मिळून घ्यायचा आहे. मार्गदर्शक म्हणून मान्यता एकाच विद्यापीठाची. दुसरा सहमार्गदर्शक, त्यासाठी सामंजस्य करार. नीतिमत्ता समितीची मंजुरी रुग्णालयाकडून. नमुने रुग्णालयाबाहेर न्यायचे तर वेगळा करार आणि रुग्णाच्या संमतीपत्रात तसा उल्लेख आधीपासून हवा. उंदरांवर प्रयोग असतील तर प्राणीगृहाची नोंदणी ज्या संस्थेची तिच्याच प्राणी-नीतिमत्ता समितीची मंजुरी. अभ्यासक्रमाचे श्रेयांक (क्रेडिट) कुठल्या विद्यापीठात? ह्यातला प्रत्येक कागद तसा सोपा आहे, पण ते एकामागून एक सरकतात, आणि मधे समितीची बैठक गणसंख्येअभावी पुढे गेली की सहा महिने गेलेच. विद्यार्थ्याची सहा वर्षांची मुदत मात्र नोंदणीच्या दिवसापासून मोजली जाते.

हे सोडवायला नवी इमारत लागत नाही. ह्या विद्यापीठांनी मिळून एक संयुक्त पीएचडी कार्यक्रम, एकच नीतिमत्ता अर्ज आणि दोन मार्गदर्शकांना समान दर्जा, एवढं केलं तरी परळ हे देशातलं मोठं जैववैद्यकीय संशोधन केंद्र ठरेल. कलिनात ह्याचा एक नमुना आहेच: 2007 मध्ये मुंबई विद्यापीठ आणि अणुऊर्जा खात्यानं मिळून मूलभूत विज्ञानाचं केंद्र काढलं. पुणे विद्यापीठाच्या आवारात तर खगोलशास्त्राची आयुका, पेशीविज्ञानाची एनसीसीएस आणि राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र शेजारी शेजारी बसलेत. जुन्या विद्यापीठानं जागा दिली, केंद्रानं पैसा दिला, आणि पाटी वेगळी ठेवली. हा मार्ग स्वस्त पडतो आणि लवकर होतो.

लिंबूटिंबू

सगळ्यांचे आभार, एवढं अपेक्षित नव्हतं. निवेदनाचा सूर बदलावा लागणार असं दिसतंय. दोन शंका. एक, मंचातले काही जण म्हणतात की आधी घोषणा होऊ दे, पदं नंतर मिळतील. दुसरी, परळचा मुद्दा पटला, पण पनवेलला काय?

टाचणी

पहिल्याचं उत्तर शेजारच्या राज्यात आहे. कर्नाटकात आधीच्या सरकारनं काढलेल्या नव्या विद्यापीठांपैकी नऊ बंद करण्याची शिफारस 2025 च्या फेब्रुवारीत मंत्रिमंडळाच्या उपसमितीनं केली, मुख्य कारण पैसा. ह्यूस्टनला टेक्सास विद्यापीठानं तीनशेच्या वर एकर जमीन घेतली, शहरात आधीपासून असलेल्या ह्यूस्टन विद्यापीठानं विरोध केला, आणि 2017 मध्ये योजना गुंडाळली. तिथे निदान जमीन विकून टाकता आली. आपल्याकडे पाटी लागली की ती काढायची हिंमत कोणी करत नाही, विद्यापीठ प्रभारी कुलसचिवावर वर्षानुवर्षं चालतं.

पदांचा रस्ता असा असतो: आकृतिबंध (किती आणि कोणती पदं ह्याचा आराखडा) तयार करायचा, विभागानं तो वित्त विभागाकडे पाठवायचा, उच्चस्तरीय सचिव समितीपुढे न्यायचा, मग शासन निर्णय. त्यानंतर बिंदुनामावली (आरक्षणानुसार पदांचा क्रम) मागासवर्ग कक्षाकडून तपासून घ्यायची, मग जाहिरात, छाननी, निवड समिती. कुठेही एक शेरा आला की फाईल मागे. दरम्यान शिकवायचं कोणी? तासिका तत्त्वावरचे. त्यांना तासाचे पैसे मिळतात, संशोधनाचे नाहीत, आणि नियमानं ते पीएचडी मार्गदर्शकही होऊ शकत नाहीत. म्हणजे संशोधन विद्यापीठ संशोधनाविना सुरू होतं. घोषणेच्या शासन निर्णयातच पदनिर्मिती असली पाहिजे, निदान पहिल्या 60 पदांची, वेतन अनुदानासकट.

कायम शिक्षक आले तरी त्यांचे तास बघा. यूजीसीच्या निकषानं सहायक प्राध्यापकाला आठवड्याला 16 तास प्रत्यक्ष अध्यापन. शेजारची दोन पदं रिकामी असली की ते 16 चे 22 होतात. मग प्रयोग कधी, रविवारी?

उंबरठा

पनवेलचं मी सांगतो. "सर्व विद्याशाखा" अजिबात मागू नका. तीन विषय मागा जे त्याच भागात आहेत आणि दुसरीकडे नाहीत.

खारघरला टाटा मेमोरियलचं अॅक्ट्रेक हे कर्करोग केंद्र आधीच आहे, म्हणजे कर्करोग संशोधनाला शेजार मिळाला. तळोजा एमआयडीसीचे रासायनिक कारखाने आणि कासाडी नदीचं प्रदूषण: सांडपाण्याची प्रक्रिया, गाळातले जड धातू. आणि खाडी. ठाणे खाडी 2022 पासून रामसर यादीत (महत्त्वाच्या पाणथळ जागांची आंतरराष्ट्रीय यादी) आहे, शेजारी बंदर, नवा विमानतळ आणि भराव. भरती-ओहोटी, खारफुटी, पूर ह्यांची नोंद एकाच पद्धतीनं वीस वर्षं ठेवणारी संस्था ह्या पट्ट्यात हवी. हे काम प्रकल्पाच्या तीन वर्षांच्या अनुदानावर होत नाही, कायम पदं असलेलं विद्यापीठच करू शकतं. नव्याची गरज कुठे आहे असं विचाराल तर माझं उत्तर हे, खाडी.

खारीचा वाटा

उंबरठांना अनुमोदन, पण सिडको जमीन भाडेपट्ट्यानं देते हे लक्षात ठेवा. किती वर्षांत किती बांधकाम झालं पाहिजे ही अट करारात असते, आणि मुदत चुकली की वाढवून घ्यायला पैसे भरावे लागतात. वीज आणि पाण्याची मागणी प्रयोगशाळेच्या हिशेबानं नोंदवा, वर तिरफळांनी कपाटांचं गणित दिलंच आहे. महाविद्यालयाच्या हिशेबानं उपकेंद्र मंजूर झालं की पुढे वाढवून मिळायला दोन-तीन वर्षं सहज जातात.

सोनचाफा

आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गाची स्वतंत्र कोकण विद्यापीठाची मागणी बरीच जुनी आहे. तुमचं निवेदन तिच्या आड येतंय असं कोणाला वाटायला नको. उलट दोन्ही जोडून मांडा: तिकडची महाविद्यालयं कोकण विद्यापीठाकडे गेली तर कलिनाचा परीक्षांचा भार हलका होईल. सावंतवाडीच्या पोराला गुणपत्रिकेतल्या नावाची दुरुस्ती करायला मुंबईच्या विद्यापीठाकडे बघत बसावं लागतं, ती कटकटही जाईल. तिरफळ, कंपन मोजणीला साधारण किती दिवस लागतात ते लिहाल का? मसुद्यात घालता येईल.

तिरफळ

निदान सात दिवस सलग, चोवीस तास, त्यात एक रविवार आणि एक बंदराच्या गर्दीचा दिवस. तिन्ही दिशांना मोजायचं, उभं आणि दोन्ही आडवं. जोडीला बदलत्या चुंबकीय क्षेत्राचीही मोजणी करून घ्या, जवळून उच्चदाबाची तार किंवा विजेवरची रेल्वे जात असेल तर तीच जास्त त्रास देते. यंत्र पुरवणाऱ्या कंपन्यांकडे कंपनाची आणि चुंबकीय क्षेत्राची मर्यादा छापील असते, ती आधी मागवा आणि जागेचा अहवाल तिच्याशी ताडून बघा. भरावाची जमीन असेल तर माती परीक्षणही ह्याच वेळी उरकून घ्या, उरणकडे बऱ्याच ठिकाणी मऊ सागरी चिकणमाती लागते, आणि मग खांब खोल न्यायचा खर्च अंदाजपत्रकात आधीच धरावा लागतो.